पेटी वाजवता येते, आता पियानोवर कॉर्ड्स कशा लावायच्या?

भजनी मंडळात किंवा गणपतीच्या आरतीला पेटीची साथ करणारा माणूस पियानोसमोर बसला की उजवा हात लगेच चालू लागतो. चाल कानानं उचलता येते, सूर सापडतात. गाडी अडते ती डाव्या हाताशी. पेटीवर तो हात भाता सांभाळत असतो, त्याला सूर ठाऊकच नसतात. मग कुणीतरी कॉर्ड्सचा तक्ता हातात देतं, त्यात शंभरेक आकृत्या असतात, आणि पंधरा दिवसांत तो तक्ता कपाटात जातो.

मी पेटीवरूनच पियानोकडे आलो. या वाटेनं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की तक्ता पाठ करू नका. तुम्हाला सरगम येते, ती मोठी पुंजी आहे. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर, आणि हार्मनी म्हणजे त्यातला प्रत्येक सूर पुढे कुठे जातो याचा विचार. हे दोन्ही सरगमच्या भाषेत नीट समजतं. पुढच्या पायऱ्या त्याच भाषेत आहेत.

आधी जमवायच्या गोष्टी

- निदान ६१ कींचा कीबोर्ड. की हलकी दाबली तर हळू आणि जोरात दाबली तर मोठा आवाज यायला हवा. ही सोय नसलेला कीबोर्ड घेऊ नका. जमत असेल तर ८८ कींचा, वजनदार कींचा डिजिटल पियानो घ्या.
- सस्टेन पेडल, म्हणजे की सोडल्यावरही सूर लांबवणारं पायातलं पेडल. पुष्कळदा वेगळं विकत घ्यावं लागतं.
- हेडफोन. सोसायटीत राहत असाल तर हवाच. वायर किंवा जोडणीची पिन बदलायची असेल तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठा.
- पाच रेघांची म्युझिकची वही, पेन्सिल आणि मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं ॲप.

घरी जुना अकूस्टिक पियानो असेल तर पावसाळा संपल्यावर ट्यूनरला बोलवा. दमट हवेनं लाकूड फुगतं आणि सूर हलतात. उतरलेल्या पियानोवर कॉर्ड ऐकून कान तयार होत नाही.

१. नावं जुळवून घ्या

पांढरी एक म्हणजे सी. तिथून पुढे पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प किंवा डी फ्लॅट, काळी दोन ई फ्लॅट, काळी तीन एफ शार्प, काळी चार ए फ्लॅट आणि काळी पाच बी फ्लॅट. हे एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सी, डी, ई ही नावं जागेला चिकटलेली असतात. सा मात्र गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे फिरतो. म्हणून पाश्चात्त्य वादकही पुष्कळदा अक्षरं सोडून ‘वन, फोर, फाइव्ह’ असं बोलतात, म्हणजे सा, म आणि प यांवरच्या कॉर्ड्स.

इथे एक सापळा आहे. सा पांढरी एकवर असेल तर ‘फोर’ म्हणजे पांढरी चार आणि ‘फाइव्ह’ म्हणजे पांढरी पाच, असं सगळं जुळतं, आणि आकडे एकच आहेत असं वाटायला लागतं. गायिका काळी चारमध्ये गाणार असेल तर तिची ‘फोर’ काळी एकवर येते आणि ‘फाइव्ह’ काळी दोनवर. तालमीत कुणी नुसतं ‘चारवर जा’ म्हणालं, तर पेटीतली चार की कॉर्डची चार हे विचारून घ्या.

२. पहिली कॉर्ड मोजून बांधा

कोणत्याही कीला सा माना. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून चार घरं पुढे गेलात की शुद्ध ग येतो, तिथून आणखी तीन घरं गेलात की प. सा-ग-प एकत्र दाबा, मेजर कॉर्ड झाली. ग एक घर खाली आणून कोमल केला की मायनर. मोजताना सुरुवातीची की धरायची नाही. तिला एक मोजलं की सगळंच एका घरानं चुकतं.

आणखी दोन प्रकार ओळखून ठेवा. सा, कोमल ग आणि तीव्र म ही डिमिनिश्ड. सा, शुद्ध ग आणि कोमल ध ही ऑगमेंटेड. दोन्ही अस्थिर वाटतात, कारण दोन्हींमध्ये पंचमाचा आधार नाही.

बारा मेजर कॉर्ड्स हाताला अशा लवकर लागतात: पांढरी एक, चार, पाच यांवरच्या सगळ्या पांढऱ्या. पांढरी दोन, तीन, सहा यांच्या मधली की काळी. काळी एक, दोन, चार यांच्या मधली पांढरी. काळी तीनची पूर्ण काळी. उरल्या काळी पाच आणि पांढरी सात, त्या दोन वेगळ्याच दिसतात.

सा-ग-प एकत्र इतके गोड का लागतात, हे अकूस्टिक पियानोवर प्रत्यक्ष ऐकता येतं. मधला सी, म्हणजे पियानोच्या मध्याजवळचा सी, हा सा माना आणि त्याच्या लगेच वरचे ग आणि प आवाज न करता हळूच दाबून धरा. आता मधल्या सी पासून दोन सप्तकं खालचा सी जोरात वाजवून लगेच सोडा. तुम्ही न वाजवलेले ग आणि प हवेत तरंगताना ऐकू येतील. खालच्या तारेच्या कंपनातच ते असतात. तानपुऱ्याच्या खर्जात गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तोच हा. फरक इतकाच की पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यानं त्याचा ग स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे १४ भागांनी. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा ग सुरुवातीला खटकतो. तो पियानोचा स्वभाव आहे, तुमचा कान ठीक आहे.

३. एका पट्टीतल्या सात कॉर्ड्स

बिलावल थाटाचे सात स्वर घ्या आणि प्रत्येकावर एक सोडून एक सूर रचा. सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नी, म-ध-सा, प-नी-रे, ध-सा-ग, नी-रे-म. मोजून पाहिलं तर सा, म, प यांवर मेजर येतात, रे, ग, ध यांवर मायनर आणि नी वर डिमिनिश्ड. साध्या चालींचं बरंचसं काम या सातांत भागतं आणि त्यातही सा, म, प आणि ध यांवर जास्त.

कागदावर नुसतं अक्षर असेल तर मेजर, पुढे छोटा ‘एम’ असेल तर मायनर, सात लिहिलं असेल तर त्यात चौथा सूर आहे. अक्षरानंतर तिरकी रेघ देऊन दुसरं अक्षर लिहिलं असेल तर ते दुसरं अक्षर डाव्या हातात, सगळ्यात खाली.

४. बोटं जवळच्या सुराकडे न्या

या पायरीवर थांबा, घाई करू नका. सात कॉर्ड्स पाठ झालेला माणूस आणि पियानो वाजवणारा माणूस यांत फरक पडतो तो इथे.

सा-ग-प वाजवून म-ध-सा कडे जायचं आहे. नवशिका अख्खा हात उचलून म वर नेऊन ठेवतो, मग पुन्हा उचलून प वर. सगळे सूर एकाच दिशेनं उड्या मारतात, आणि कॉर्ड्स बरोबर असूनही वाजवणं तुटक लागतं. त्याऐवजी असं करा:

सा ग प → सा म ध → (खालचा) नी रे प → सा ग प

पहिल्या बदलात सा जागचा हलत नाही. ग शेजारच्या म वर जातो, प शेजारच्या ध वर. दुसऱ्या बदलात सा अर्धा स्वर खाली नी वर येतो, म चा रे होतो आणि ध चा प. शेवटी नी पुन्हा सा ला मिळतो, रे ग ला, आणि प तिथेच राहतो. उजव्या हाताची बोटं: अंगठा-मधलं-करंगळी, पुन्हा तीच, मग अंगठा-तर्जनी-करंगळी, आणि शेवटी पहिलीच.

आता एकेक बोट वेगळं गाऊन बघा. अंगठा म्हणतो सा-सा-नी-सा. मधला सूर ग-म-रे-ग. करंगळी प-ध-प-प. शेजारी बसलेल्या तीन गायकांसारख्या या तीन ओळी आहेत आणि प्रत्येकीला स्वतःची चाल आहे. एक ओळ तोंडानं गा आणि बाकीच्या दोन वाजवा. तिन्ही ओळी अशा गाता आल्या की हार्मनी कानात शिरली म्हणून समजा.

ग किंवा प खाली ठेवून वाजवलेली तीच कॉर्ड म्हणजे तिचं इन्व्हर्जन. सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग ही एकाच कॉर्डची रूपं आहेत, हे झाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकारानं १७२२ मध्ये पद्धतशीर मांडलं. आपल्याला त्याचा उपयोग असा की पुढची कॉर्ड दिसली की ती कुठून सुरू होते हे शोधायचं नाही. तिचा कुठला सूर माझ्या बोटांच्या सर्वांत जवळ आहे, ते शोधायचं.

हा चार कॉर्ड्सचा फेरा आधी पांढरी एकमध्ये, मग पांढरी पाच, पांढरी चार, आणि मग तुमच्या मंडळातले गायक ज्या पट्ट्यांत गातात त्या पट्ट्यांत. काळी एक आणि काळी चार लवकर घ्या, कारण गाठ त्यांच्याशीच पडणार आहे. कीबोर्डवर ट्रान्सपोझचं बटण असतं, ते दाबून सगळं पांढरी एकमध्ये वाजवण्याचा मोह होईल. पहिलं वर्षभर त्याला हात लावू नका. डाव्या हाताचं एक बोट दाबलं की अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवणारी सोयही बंद ठेवा. तिच्यामुळे बोटांना काहीच कळत नाही.

५. डावा हात आणि पेडल

उजवा हात कॉर्ड धरतोय, तर डाव्या हातानं फक्त कॉर्डचा मूळ सूर खाली वाजवा. महिनाभर एवढंच पुरे. नंतर मूळ सूर आणि त्याचा पंचम. खालच्या सप्तकात सा आणि ग जवळजवळ दाबू नका, गढूळ आवाज येतो. तिथल्या तारांच्या कंपनांत वरचे सूर भरपूर असतात आणि ते एकमेकांवर आदळतात. डाव्या हातात ग हवाच असेल तर सा, मग प, मग वरच्या सप्तकातला ग असे एकामागून एक वाजवा.

खालचा सूर कायम मूळच हवा असं नाही. डाव्या हातानं सा-नी-ध-प असं एकेक पायरी उतरत या आणि वर सा, प, ध मायनर, पुन्हा प या कॉर्ड्स ठेवा. दुसऱ्या कॉर्डखाली प ऐवजी नी आला आणि एवढ्यानं डाव्या हातालाही चाल मिळाली.

पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, म्हणून पेडल. कॉर्ड वाजवताना पाय वर, कॉर्ड वाजली की लगेच खाली. कॉर्ड आणि पाय एकदम दाबले किंवा दोन कॉर्ड्सवर एकच पेडल धरून ठेवलं की मागचे सूर पुढच्यात सांडतात. हे जमायला वेळ लागतो. दोनच कॉर्ड्स घ्या, मेट्रोनोम अगदी संथ लावा आणि फक्त पायाकडे लक्ष द्या.

६. चालीला कॉर्ड लावा

एक छोटी चाल घेऊ, चार-चार मात्रांची:

सा ग प प | ध ध प – | म ग रे नी | सा – – –

(शेवटचा नी मंद्र सप्तकातला.)

आधी प्रत्येक खंडातली पहिली मात्रा आणि लांबलेले सूर यांवर खूण करा. कॉर्ड त्यांच्यासाठी निवडायची. मधून धावत जाणारे सूर कॉर्डमध्ये नसले तरी चालतात.

पहिल्या खंडात सा, ग, प, म्हणजे प्रश्नच नाही. तिसऱ्या खंडात म, रे, नी आहेत, म्हणजे प ची कॉर्ड आणि तिच्यात म मिसळलेला. ग जाता जाता येतो. चौथ्यात सा.

खरी गंमत दुसऱ्या खंडात आहे. ध हा सूर तीन कॉर्ड्समध्ये सापडतो: म-ध-सा, ध-सा-ग आणि रे-म-ध. तिन्ही वाजवून बघा. म ची कॉर्ड लावली की चाल मोकळी होते. ध मायनर लावली तर आधीच्या कॉर्डमधले सा आणि ग तसेच राहतात, बदल हळुवार होतो आणि किंचित उदासी येते. रे मायनर लावली की पुढच्या प कडे ओढ तयार होते. तिन्ही बरोबर आहेत. कोणती ठेवायची हे शब्दांवरून ठरवा. मला अशा जागी ध मायनर आवडते, पण आरतीच्या ठसक्याला ती शोभणार नाही. तिथे म ची कॉर्ड घ्या. तिसऱ्या मात्रेवर ध चा प होतो, तिथे परत सा च्या कॉर्डवर येता येतं.

आता घरच्या गणपतीची आरती घ्या, कारण तिची चाल तुम्हाला झोपेतही येते. आधी सबंध आरती दोनच कॉर्ड्सवर बसवून पाहा. जिथे कान कुरकुरेल तिथे तिसरी आणा.

या पायरीवरचे दोन धोके सांगतो. प्रत्येक सुराला नवी कॉर्ड लावू नका. चाल दबून जाते आणि गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. कॉर्ड समेवर बदला, फार तर खंडाच्या सुरुवातीला. दुसरा धोका आयत्या मिळालेल्या कॉर्ड्सचा. त्या पुष्कळदा गिटारवाल्यांनी कापो (पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावून लिहिलेल्या असतात. कागदावर जी लिहिलेलं आणि गाणं प्रत्यक्षात दुसऱ्याच पट्टीत, असं होतं. आधी गाण्याचा सा शोधा, मग कागद बघा.

७. चौथा सूर

प-नी-रे मध्ये वरचा म मिसळला की ती सेवन्थ कॉर्ड होते. तिच्यातले नी आणि म हे दोनच सूर एकत्र वाजवा. अस्वस्थ वाटेल. आता नी अर्धा स्वर वर सा वर न्या आणि म अर्धा स्वर खाली ग वर. सगळं शांत झालं. कॉर्ड घरी परतते ती या दोन सुरांच्या जोरावर. म्हणून सेवन्थ वाजवताना त्या दोघांना त्यांच्या जागी पोचवा, मध्येच सोडू नका.

सा-ग-प वर शुद्ध नी ठेवला तर मेजर सेवन्थ, ती मऊ लागते. कोमल नी ठेवला तर तीच कॉर्ड म कडे ओढायला लागते. नाइन्थ, इलेव्हन्थ यांच्या मागे इतक्यात लागू नका.

८. रागावर आधारलेल्या चालींना कॉर्ड लावताना

आपली भावगीतं, अभंग, नाट्यपदं रागांच्या जवळ असतात, त्यामुळे बिलावलच्या सात कॉर्ड्स सगळीकडे चालत नाहीत. थाट बदलला की कॉर्ड्स बदलतात. काफीत ग कोमल, म्हणून सा वर मायनर. पण ध शुद्ध, म्हणून म वर मेजर. आसावरीत ध सुद्धा कोमल होतो आणि म वरची कॉर्डही मायनर होते. एवढ्या एका सुरानं गाण्याचा रंग बदलतो. कल्याणात तीव्र म मुळे रे वर मेजर येते आणि शुद्ध म वरची कॉर्ड वर्ज्य होते. यमनच्या चालीखाली सवयीनं म-ध-सा दाबली की यमन तिथेच संपला. भैरवीत कोमल रे, म आणि कोमल ध यांची मेजर कॉर्ड मिळते, ती जरूर वापरून बघा. मायनरमधल्या गाण्यांत प वरची कॉर्ड पुष्कळदा शुद्ध नी घेऊन मेजर केलेली आढळते, कारण सा कडे परतायला तो नी लागतो. आसावरीत असा शुद्ध नी घेतला की किरवाणीची स्वरमाला होते.

पाच स्वरांच्या रागांत तर फार जपून. भूपात म आणि नी नाहीत. त्याच्या सा रे ग प ध मध्ये पूर्ण कॉर्ड्स दोनच बसतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. म ची किंवा प ची कॉर्ड लावलीत की रागात नसलेला सूर आलाच. मालकंसात पंचमच नाही, म्हणजे खुद्द सा वर मेजरही होत नाही आणि मायनरही. कोमल ध-सा-कोमल ग आणि म-कोमल ध-सा एवढ्या दोन पूर्ण कॉर्ड्स मिळतात. भावगीताचा संगीतकार हे नियम मोडतो आणि सुंदर मोडतो. तुम्हीही मोडा, पण कोणता सूर बाहेरून आणला ते माहीत असू द्या. आणि आलाप चालू असेल तेव्हा कॉर्ड्स थांबवा. खाली नुसते सा आणि प धरून ठेवा, किंवा हात मांडीवर ठेवा.

९. शिक्षक आणि परीक्षा

तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत एकट्यानं जाता येतं. त्यानंतर मनगट आणि बोटांची ठेवण पाहणारं कुणीतरी हवं, कारण पेटीवर हात आडवा ठेवायची सवय पियानोवर त्रास देते. शिक्षक निवडताना त्यांना दोन गोष्टी विचारा: तुम्ही कॉर्ड्स आणि कानानं साथ करणं शिकवता, की फक्त परीक्षेचे तुकडे? आणि सरगममध्ये प्रश्न विचारला तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नावर कपाळाला आठी पडली तर दुसरीकडे बघा.

परीक्षा द्यायच्या असतील तर एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या लंडनच्या दोन मंडळांच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे चालतात. एबीआरएसएमची सहावी प्रात्यक्षिक ग्रेड देण्याआधी साधारणपणे थिअरीची पाचवी ग्रेड पार करावी लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. साथसंगतच करायची असेल तर परीक्षेची गरज नाही, पण पाच रेघांचं लेखन तेवढं वाचायला शिका.

पुण्यात कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होतात. पियानो असेल त्या दिवशी वादकाची बोटं दिसतील अशी, प्रेक्षकांच्या डाव्या बाजूची खुर्ची पकडा. उजव्या हाताकडे सगळेच बघतात. तुम्ही डाव्याकडे बघा, आणि कॉर्ड बदलताना कोणतं बोट जागेवरच राहिलं ते टिपा.